न केलेल्या कामाचा हिशोब : प्रस्तावना

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेल्या निदान दोन पिढ्यांना टर्बो सी++ची निळी खिडकी अजून आठवत असेल. तिच्या 'कंपाईल' मेनूत 'मेक' आणि 'बिल्ड ऑल' असे दोन पर्याय असायचे. प्रात्यक्षिकाच्या तासाला त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. प्रोग्रॅम एकाच फाइलचा असायचा, कंट्रोल-एफ९ दाबलं की तो चालायचा आणि जर्नलवर सही मिळायची. 'मेक' म्हणजे बदललं असेल तेवढंच पुन्हा कंपाईल कर, आणि 'बिल्ड ऑल' म्हणजे मागचापुढचा विचार न करता सगळं पहिल्यापासून कर. हे पुस्तक या दोन पर्यायांमध्ये जे अंतर आहे त्याबद्दल आहे.

आपल्याकडे कंपायलर शिकवला जात नाही असं नाही. सिस्टम प्रोग्रॅमिंगच्या पेपरात टू-पास असेंब्लर, मॅक्रो प्रोसेसर, लिंकर, लोडर हे सगळं असतं. डी. एम. ढमढेरे यांचं पुस्तक त्यासाठी अनेकांनी पालथं घातलेलं असतं. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगावर अनेक कार्यशाळा घेतल्या, त्यांतून कितीतरी मुलं आणि शिक्षक तयार झाले. पण एक फाइल कंपाईल कशी होते हे कळलं म्हणून पाच हजार फाइलींचं काय करायचं ते कळत नाही. ते शिकायचं राहून जातं आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात समोर उभं ठाकतं. बिल्ड कसं करायचं ते सांगणारी, कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेली मेकफाइल असते आणि लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला असतो. शेजारच्या खुर्चीवरून दोन सल्ले मिळतात. पहिला, "चालतंय ना, मग हात लावू नकोस." दुसरा, "काही विचित्र वाटलं तर आधी मेक क्लीन करून बघ."

हा दुसरा सल्ला नीट ऐकण्यासारखा आहे. 'मेक क्लीन' म्हणजे आतापर्यंत तयार झालेल्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइली पुसून टाकणं. काय बदललंय हे ओळखण्यासाठी जे साधन ठेवलं त्याच्यावर आपला विश्वास उरलेला नाही, असंच आपण त्यातून म्हणत असतो. विश्वास नाही म्हणून सगळं पुन्हा करायचं, सगळं पुन्हा करायचं म्हणून वीस मिनिटं थांबायचं, आणि मग बिल्ड संथ आहे म्हणून अधिक कोअरचं यंत्र मागायचं. या पुस्तकाचं म्हणणं असं की बहुतेक ठिकाणी दुखणं संथपणाचं नसून अविश्वासाचं आहे. कोणतं काम टाळलं तरी चालेल हे साधनाला खात्रीने ठरवता आलं, की वेग आपोआप येतो. ती खात्री नसेल तर वेगाची प्रत्येक युक्ती आज ना उद्या अंगाशी येते.

या विषयाचा जन्मच मुळी एका वाया गेलेल्या सकाळीतून झाला. बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे याक हे साधन लिहिणारे जॉन्सन, एका प्रोग्रॅममधली चूक शोधत बसले होते. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाईल करायची राहिली होती. त्यामुळे लिंक होत होती ती जुनीच ऑब्जेक्ट फाइल, आणि अर्धा दिवस गेला बरोबर असलेल्या प्रोग्रॅमची झडती घेण्यात. नशिबाला बोल लावत ते स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. फेल्डमन आदल्या संध्याकाळी याच दुखण्याने हैराण झाले होते. डिपेन्डन्सी, म्हणजे कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे ते, स्वतः शोधून काढणारं एखादं भारदस्त साधन करावं, असा विचार आधी झाला. मग तो आटत आटत अगदी साध्या गोष्टीवर आला आणि त्या शनिवार-रविवारी 'मेक' लिहून झाला. साल १९७६. २००३मध्ये या साधनाला एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टम पुरस्कार मिळाला.

मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस चालत नाही, या नियमाने आजवर किती जणांचे डोळे पांढरे झाले असतील त्याला गणती नाही. त्याचं कारणही त्याच दिवसांतलं आहे. फेल्डमन यांनी मजकुराचे तुकडे पाडणारं, तेव्हा नवं असलेलं लेक्स हे साधन वापरून पाहिलं, त्यात गुंता झाला आणि त्यांनी नवी ओळ व टॅब एवढी सोपी खूण पत्करली. काही आठवड्यांत वापरणारे डझनभर झाले, त्यातले बहुतेक मित्र. त्यांचं चाललेलं मोडायला नको म्हणून टॅब तसाच राहिला. बिल्डच्या व्यवस्थेत तात्पुरतं म्हणून केलेलं काहीही तात्पुरतं राहत नाही, हा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

मेकची कल्पना दोन ओळींत सांगता येते. कोणती फाइल कोणत्या फाइलींपासून तयार होते आणि कोणत्या आज्ञेने, हे आपण लिहायचं. मेक दोन्हींच्या बदलाच्या वेळा पाहतो, आणि तयार व्हायची फाइल नसेल किंवा मूळ फाइल तिच्या नंतरची निघाली तरच आज्ञा चालवतो. त्याला सी भाषा कळत नाही, हेडर म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. जे लिहून दिलं त्यापलीकडे त्याला काहीच माहीत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

हे जवळून पाहू. समजा, एका पतसंस्थेचा छोटा प्रोग्रॅम आहे. त्यात मुख्य.सी, हिशोब.सी आणि हिशोब.एच अशा तीन फाइली आहेत. हेडरमध्ये 'खाते' नावाचं स्ट्रक्चर आहे. त्यात आधी खातेक्रमांक आणि मग शिल्लक, दोन्ही चार-चार बाइटचे पूर्णांक. हिशोब.सीमधलं फंक्शन खातं तयार करून त्याचा पॉइंटर परत देतं, मुख्य.सी त्यातली शिल्लक छापतं. मेकफाइल लिहिणाऱ्याने हिशोब.ओ ही फाइल हिशोब.सी आणि हिशोब.एच या दोन्हींवर अवलंबून असल्याचं लिहिलं. मुख्य.ओच्या पुढे मात्र फक्त मुख्य.सी लिहून सोडून दिलं. सहा महिने काही बिघडत नाही.

मग संस्थेच्या शाखा वाढतात आणि कुणीतरी स्ट्रक्चरमध्ये खातेक्रमांक व शिल्लक यांच्या मधोमध शाखाक्रमांक घालतं. मेक चालवला जातो. हिशोब.ओ नव्याने तयार होते. मुख्य.सीला कुणी हात लावलेला नाही, म्हणून मुख्य.ओ जुनीच राहते. लिंकर फंक्शनची नावं जुळतात का एवढंच पाहतो, आणि ती जुळतात. एकही इशारा न येता प्रोग्रॅम तयार होतो. जुन्या मुख्य.ओच्या समजुतीप्रमाणे शिल्लक चार बाइट सोडून पुढे असते. त्या जागी आता शाखाक्रमांक आहे. बारा नंबरच्या शाखेतल्या प्रत्येक खातेदाराच्या नावावर बारा रुपये शिल्लक दिसू लागते. सोर्स कितीही वेळा वाचला तरी चूक सापडत नाही, कारण सोर्समध्ये चूक नाहीच. शेवटी कुणीतरी मेक क्लीन करतं आणि भूत पळून जातं. मेकफाइलमधली न लिहिलेली डिपेन्डन्सी मात्र जागच्या जागी असते. पुढच्या बदलाला ये रे माझ्या मागल्या.

यावरचा उपाय हेडरांच्या याद्या हाताने लिहिण्याचा नव्हे. तशा याद्या कधीच खऱ्या राहत नाहीत. कोणती हेडर उघडली हे कंपायलरला पक्कं माहीत असतं, कारण ती त्यानेच उघडलेली असतात. जीसीसी आणि क्लँग या दोघांनाही '-एमएमडी' हा पर्याय दिला, की कंपाईल करता करता ते ही यादी एका छोट्या .डी फाइलमध्ये मेकला समजेल अशा भाषेत लिहून ठेवतात. मेकफाइलच्या शेवटी या .डी फाइली समाविष्ट करायच्या. जोडीला '-एमपी' द्यायचा, म्हणजे उद्या एखादं हेडर काढून टाकलं तरी बिल्ड अडून बसत नाही. पहिल्या खेपेला या याद्या नसतात, पण तेव्हा ऑब्जेक्ट फाइलीही नसतात, त्यामुळे सगळं कंपाईल होणारच असतं. दोन पर्याय आणि एक ओळ, एवढ्याने वर सांगितलेलं बारा रुपयांचं प्रकरण पुन्हा घडत नाही. पुस्तकाचं दुसरं प्रकरण सबंध यावरच आहे. ते सोडून पुढे जाऊ नये अशी विनंती आहे.

डिपेन्डन्सी खऱ्या झाल्या की पुढचा प्रश्न येतो तो त्या किती आहेत याचा. सी आणि सी++मध्ये 'इन्क्लूड' म्हणजे त्या फाइलचा मजकूर जसाच्या तसा तिथे ओतणं. त्या फाइलनेही आणखी चार ओतलेल्या असतात. रॉब पाईक यांनी २०१२मध्ये गो भाषेविषयीच्या व्याख्यानात जुनं उदाहरण दिलं होतं. १९८४मध्ये युनिक्सच्या पीएस या आज्ञेचा सोर्स कंपाईल होताना स्टॅटचं एकच हेडर ३७ वेळा समाविष्ट होत असल्याचं आढळलं. त्यांनीच दिलेलं गूगलचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. २००७मध्ये तिथल्या एका मोठ्या प्रोग्रॅमचं मोजमाप केलं तेव्हा फाइली सुमारे २,००० होत्या आणि सगळ्यांचा मिळून मजकूर ४.२ मेगाबाइट. इन्क्लूड उलगडल्यावर कंपायलरपुढे आलेला मजकूर ८ गिगाबाइटच्या वर गेला. लिहिलेल्या प्रत्येक बाइटमागे कंपायलर सुमारे दोन हजार बाइट वाचत होता. ४५ मिनिटांच्या अशाच एका बिल्डची वाट पाहत असताना गो भाषेची कल्पना पुढे आली. त्या भाषेत न वापरलेलं इम्पोर्ट ही सूचना नसून चूक मानली जाते, यामागे हा इतिहास आहे.

नवी भाषा काढणं सगळ्यांना शक्य नसतं. लिनक्स कर्नलचे जुने विकासक इंगो मोलनार यांनी आहे त्याच भाषेत हेडरांचं ओझं कमी करून पाहिलं. २०२०च्या अखेरीस सुरू केलेलं काम त्यांनी २ जानेवारी २०२२ला पुढे ठेवलं, त्यात २,२००हून जास्त बदल होते. त्यात नवी सोय एकही नव्हती. कोणतं हेडर कोणाला विनाकारण ओढून आणतं ते शोधायचं, मोठी हेडर फोडायची, व्याख्येऐवजी नुसत्या घोषणेने भागत असेल तिथे भागवायचं, एवढंच. त्यांच्या मोजणीनुसार संपूर्ण कर्नलच्या बिल्डचा वेग ५० ते ८० टक्क्यांनी वाढला. हा सगळा गठ्ठा एकदम मुख्य शाखेत गेला नाही. इतक्या ठिकाणी हात घालणारा बदल तपासणं हेच केवढं तरी मोठं काम असतं. पण हेडरांची गर्दी म्हणजे किती ओझं असतं, हे त्याने आकड्यांत दाखवून दिलं.

याच कर्नलच्या बिल्डव्यवस्थेतली आणखी एक गोष्ट मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते. कर्नलमध्ये चालू-बंद करायचे पर्याय हजारोंनी आहेत, आणि त्यांच्या किमती एका हेडरमध्ये एकत्र लिहिलेल्या असतात. ते हेडर प्रत्येक फाइलमध्ये समाविष्ट होतं. कंपायलरने दिलेली यादी शब्दशः मानली, तर एका कोपऱ्यातल्या ड्रायव्हरचा पर्याय बदलल्यावर सगळा कर्नल पुन्हा कंपाईल करावा लागेल. यादी खरी आहे, पण फार ढोबळ आहे. म्हणून फिक्सडेप नावाचा एक छोटा प्रोग्रॅम कंपाईलनंतर चालतो. तो यादीतून ते मोठं हेडर काढून टाकतो. मग सोर्समध्ये पर्यायांची नावं कुठे कुठे आली आहेत ते शोधतो, आणि प्रत्येक पर्यायाच्या नावाने ठेवलेल्या एकेका इवल्याशा फाइलवर डिपेन्डन्सी लिहितो. एक पर्याय बदलला की त्याची फाइल तेवढी ताजी होते, आणि त्या पर्यायाचं नाव घेणाऱ्या फाइलीच पुन्हा कंपाईल होतात. खरेपणा राखून बारकाई वाढवली की किती काम टळतं, ते इथे दिसतं.

तिथेच आणखी दोन सवयी शिकायला मिळतात. एक अशी की तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलसोबत ती कोणत्या आज्ञेने तयार झाली तेही कर्नलची व्यवस्था लिहून ठेवते. मेक स्वतः हे करत नाही. ऑप्टिमायझेशनचा पर्याय बदलला तरी फाइलींच्या वेळा बदलत नाहीत, म्हणून मेक स्वस्थ बसतो आणि अर्धा प्रोग्रॅम जुन्या पर्यायाचा, अर्धा नव्या पर्यायाचा असा तयार होतो. दुसरी सवय आपोआप तयार होणाऱ्या हेडरांची. आवृत्तीचा क्रमांक लिहिणारं हेडर दर बिल्डला नव्याने लिहिलं, तर त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळंच दर वेळी कंपाईल होतं. म्हणून आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं, जुन्याशी ताडून पाहायचं, आणि फरक असेल तरच जागेवर ठेवायचं. तीन ओळींचं काम आहे, पण कितीतरी प्रकल्पांत ते केलेलं नसतं.

आता समांतर कामाकडे येऊ, कारण बिल्ड वेगवान करायचं म्हटलं की बहुतेकांना पहिल्यांदा '-जे' आठवतो. एकाच वेळी किती कामं चालवायची ते हा पर्याय सांगतो. यात दोन फसगती आहेत. '-जे' नसताना मेक यादीतल्या क्रमाने कामं करतो, आणि त्या क्रमामुळे न लिहिलेली डिपेन्डन्सी झाकली जाते. बायसन या पार्सर बनवणाऱ्या साधनाने तयार केलेलं हेडर नेहमी आधी तयार व्हायचं, कारण ते यादीत आधी होतं. आठ कामं एकदम सुरू झाली की कधी ते वेळेत तयार होतं, कधी होत नाही. मग "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे सुप्रसिद्ध वाक्य ऐकू येतं. दोष '-जे'चा नसतो. त्याने आधीपासून असलेला दोष उघडा पाडलेला असतो. ग्नू मेकच्या ४.४ या आवृत्तीत (२०२२) 'शफल' हा पर्याय आला आहे. तो मुद्दाम क्रम बदलून कामं करतो. रात्रीच्या बिल्डमध्ये तो लावून ठेवला तर अशा लपलेल्या चुका गाफील क्षणी न गाठता सोयीच्या वेळी सापडतात.

दुसरी फसगत स्मरणाची, म्हणजे रॅमची. '-जे'पुढे आकडाच लिहिला नाही, तर मेक कामांवर मर्यादाच घालत नाही. टेम्प्लेटने भरलेली सी++ची फाइल कंपाईल व्हायला एकटीलाच एक गिगाबाइटच्या वर जागा लागू शकते. अशा सोळा एकदम सुरू झाल्या की यंत्र डिस्कवर अदलाबदल करू लागतं आणि समांतर बिल्ड एकेरीपेक्षाही हळू होतं. लिंकिंगच्या वेळी तर आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. म्हणूनच एलएलव्हीएमच्या बिल्डमध्ये लिंकची कामं किती एकदम चालवायची याचा वेगळा पर्याय दिलेला आहे. असा वेगळा पर्याय तुमच्या प्रकल्पातही हवा का, हे कोअर मोजून ठरत नाही, रॅम मोजून ठरतं.

शिवाय समांतर कामालाही एक तळ असतो. कंपाईलचं एकूण काम दहा मिनिटांचं आणि शेवटचं लिंक एक मिनिटाचं असेल, तर दहा कोअरवर दोन मिनिटं लागतील. वीस कोअर घेतले तर दीड. कितीही घेतले तरी एका मिनिटाच्या खाली जाता येणार नाही. जीन ॲम्डाल यांनी १९६७मध्ये मांडलेला मुद्दा हाच आहे. म्हणून एका टप्प्यानंतर पैसे कोअरवर न घालता लक्ष लिंकरवर घालावं लागतं. इयन लान्स टेलर यांचा गोल्ड २००८मध्ये आला, त्यानंतर एलएलडी आला. एलएलडीवर काम केलेल्या रुई उएयामा यांनीच पुढे मोल्ड लिहिला, त्याची १.० आवृत्ती २०२१च्या डिसेंबरात आली. बहुतेक ठिकाणी लिंकर बदलायला एक पर्याय लिहावा लागतो. एका ओळीच्या बदलानंतर प्रत्येक वेळी जे लिंक होतं, त्यात ही बचत रोज हाती येते.

मेकला पर्याय म्हणून काय घ्यावं, हा प्रश्न लोक फार लवकर विचारतात. त्याआधी मेक कसा वापरला गेला ते पाहावं. मोठे प्रकल्प प्रत्येक उपफोल्डरात वेगळी मेकफाइल ठेवून एकातून दुसरा मेक चालवत. पीटर मिलर यांनी १९९८मध्ये या पद्धतीवर एक घणाघाती निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा सरळ होता. डिपेन्डन्सीचं जाळं तुकड्यांत कापलं की कोणत्याच मेकला पूर्ण चित्र दिसत नाही. मग तो एकतर कमी काम करतो, नाहीतर धास्तीने जास्त करतो. निन्जा या साधनाने दुसरं टोक गाठलं. क्रोमियम ब्राउझरवर काम करताना इव्हान मार्टिन यांनी ते लिहिलं. त्या प्रकल्पात ३०,०००हून जास्त सोर्स फाइली होत्या, आणि एक फाइल बदलल्यावर बिल्ड नुसतं सुरू व्हायलाच दहा सेकंद लागत. निन्जाने ते एका सेकंदाच्या आत आणलं. त्यासाठी त्याने काय केलं? विचार करण्याची सगळी कामं सीमेकसारख्या दुसऱ्या साधनाकडे सोपवली आणि स्वतः फक्त यादी वाचून कामाला लागायचं ठरवलं. वर, कोणती आज्ञा वापरली होती हेही तो लक्षात ठेवतो. पण मेकफाइलमधली खोटी डिपेन्डन्सी निन्जाच्या फाइलमध्ये नेली तर ती तिथेही खोटीच राहते, फक्त चुकीचं उत्तर लवकर मिळतं.

उरला कॅशचा विषय. मेकचा विश्वास फाइलींच्या वेळांवर, आणि वेळ हा पुरावा कच्चा. गिटमध्ये दुसऱ्या शाखेवर जाऊन परत आलं, की मजकूर तोच राहतो पण मधे बदलून पुन्हा लिहिलेल्या फाइलींची वेळ नवी होते आणि त्या निष्कारण कंपाईल होतात. सीकॅश हे साधन वेळ पाहत नाही. कंपायलरला दिलेला मजकूर, पर्याय आणि स्वतः कंपायलर यांचा मिळून एक हॅश काढतं. तोच हॅश पूर्वी कधी आला असेल तर साठवलेली ऑब्जेक्ट फाइल काढून देतं. सांबा आणि आरसिंकवाले अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते २००२मध्ये लिहिलं. इथेही यश अवलंबून असतं ते दिलेल्या माहितीच्या शिस्तीवर. सोर्समध्ये कंपाईलची वेळ घालणारा मॅक्रो असेल, किंवा डीबगच्या माहितीत प्रत्येकाच्या होम फोल्डरचा पूर्ण मार्ग उमटत असेल, तर हॅश कधीच जुळत नाही आणि कॅश नुसती डिस्क खात बसते. गूगलने २०१५मध्ये खुला केलेला बेझल हाच विचार टोकाला नेतो. लिहून दिलेल्या फाइलींखेरीज दुसरं काही कामाला दिसूच नये, अशा बंद खोलीत तो शक्य तिथे काम चालवतो. न लिहिलेली डिपेन्डन्सी मग सहा महिन्यांनी न कळता पहिल्याच बिल्डला कळते.

वाचकाच्या लक्षात आलं असेल की साधनं बदलली तरी प्रश्न तोच राहतो. या कामाला नेमकं काय काय लागतं हे तुम्ही खरं आणि पूर्ण सांगितलं आहे का? पुस्तकाची मांडणी त्यामुळे साधनांप्रमाणे केलेली नाही. पहिलं प्रकरण मोजण्याचं आहे, कारण मोजल्याशिवाय केलेले उपाय म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. क्लँगच्या ९व्या आवृत्तीपासून (२०१९) असलेला 'टाइम-ट्रेस' एका फाइलचा वेळ कोणत्या हेडरवर आणि कोणत्या टेम्प्लेटवर गेला ते चित्रासारखं दाखवतो, आणि बऱ्याचदा ते उत्तर अनपेक्षित असतं. त्यानंतर डिपेन्डन्सी, मग हेडर, मग समांतर काम, मग लिंकर, आणि कॅश सर्वांत शेवटी. कॅश शेवटी ठेवण्याचं कारण असं की ती लावली की आतलं दुखणं काही दिवस जाणवत नाही, आणि तोवर ते मुरतं.

काही गोष्टी मुद्दाम थोडक्यात आटोपल्या आहेत. अनेक सोर्स फाइली एकत्र जोडून एकच मोठी कंपाईल करण्याची युक्ती पहिल्या बिल्डला फायद्याची असते. पण एका ओळीच्या बदलाला ती महाग पडते, आणि दोन फाइलींत एकाच नावाची स्टॅटिक फंक्शनं असली की भांडण लागतं. आधीच कंपाईल करून ठेवलेल्या हेडरांचंही तेच. त्यात क्वचित बदलणारी हेडरच घालावीत, नाहीतर एका स्पर्शाने सगळं पुन्हा करावं लागतं. सी++२०मधली मॉड्यूल हा मूळ दुखण्यावरचा इलाज आहे, पण त्यांना कंपायलर आणि बिल्डसाधन या दोघांचं एकमेकांशी जमावं लागतं. आज चालू असलेला मोठा प्रकल्प त्यांच्यावर नेणं ही वेगळ्या पुस्तकाची सामग्री आहे.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक करावं. आपल्या रोजच्या प्रकल्पाचं बिल्ड एकदा पूर्ण होऊ द्यावं. मग एकाही फाइलला हात न लावता तीच आज्ञा लगेच पुन्हा द्यावी. काहीच करायचं नाही हे कळायला साधनाला किती वेळ लागतो तो मोजावा, आणि तरीही त्याने काय काय केलं ते पडद्यावर वाचावं. एखादं हेडर पुन्हा लिहिलं गेलं, चार फाइली पुन्हा कंपाईल झाल्या, लिंक पुन्हा झालं, असं जे जे दिसेल त्याची यादी करावी. या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे कुठेतरी खोटी किंवा ढोबळ लिहिलेली एक डिपेन्डन्सी आहे. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. त्या यादीतली पहिली ओळ ज्या प्रकरणात बसते तिथून सुरुवात केली तरी चालेल, दुसरं प्रकरण मात्र वगळू नये, आणि यादी रिकामी होईपर्यंत नवं यंत्र मागू नये.